काशीच्या पाण्याची जिवाणी

माझ्या थोरल्या भावाने मला फसवले. आमची आई अन्न सोडून शेवटाची वाट पाहत पडली होती, आसपासच्या गावांतली माणसे तिच्या दर्शनाला येऊन जात होती, आणि तिच्या धाकट्या मुलाला, म्हणजे मला, त्याने एका शब्दाने कळवले नाही. आज मी हे शांतपणे लिहीत असलो, तरी माझा राग गेला आहे असे कुणी समजू नये. राग आहे. पण त्या रागाच्या भरात गेलो असताना मला जे मिळाले, ते माझ्या लायकीपेक्षा फार मोठे होते, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही जैन. सांगलीच्या खाली कृष्णेच्या काठाला आमची शेती. वडील लवकर गेले आणि जमीन दोन भावांना पुरण्याजोगी नव्हती, म्हणून मी कळत्या वयाचा होताच लोणंदला कांद्याच्या आडतीत नोकरीला लागलो. मालक हिंदू होते. त्यांच्या पत्नीला मी काकी म्हणत असे. तिथे मला विषमज्वर झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा काकींनी औदुंबरच्या दत्ताला नवस बोलला. मी उठलो. त्या मला औदुंबरला घेऊन गेल्या आणि पादुकांवर माझे डोके टेकवले. तिथे मला काय झाले ते धडपणे सांगता येत नाही. रडू आले, आणि आपण कुणाच्या तरी ताब्यात आहोत असे वाटले, एवढेच. मी स्वभावाने कुणाच्या ताब्यात राहणारा माणूस नाही. पुढे स्वतःची आडत काढली, व्यापारात नाव केले, तोंडाळ म्हणूनही नाव झाले. पण दर पौर्णिमेला औदुंबर मी चुकवले नाही.

याचा अर्थ मी जिनदेवाला सोडले असा नव्हता. माझी बायको आमच्याच नात्यातली. ती पर्युषणाचे उपास करी आणि गुरुवारी दत्ताची आरतीही करी. या दोन गोष्टींत तिला कधी भांडण दिसले नाही. आण्णाला मात्र, म्हणजे माझ्या भावाला, ते दिसले. मी दत्ताची तसबीर घेऊन घरी गेलो, तेव्हा त्याने माझे पान पडवीत मांडायला लावले. मी उठून निघणारच होतो. तेवढ्यात आई आपले ताट उचलून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसून जेवू लागली. त्यानंतर मी घरी जायचो तो तिच्यासाठी, आणि पडवीच्या आत पाऊल टाकत नव्हतो.

आईबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. घासाघीस मी तिच्याकडून शिकलो. ती सांगलीच्या बाजारात वांगी विकायला बसायची. गिऱ्हाईक भाव पाडून मागे आणि नाही म्हटल्यावर पाठ फिरवून चालू लागे. ती त्याला परत हाक मारीत नसे. नुसती वांग्यांवर पाणी शिंपडत बसे. गिऱ्हाईकच आपण होऊन वळे. मी लहानपणी तिच्या मांडीशी बसून हे पाहिले आहे आणि जन्मभर त्यावर पोट भरले आहे.

लढाईचे दिवस होते. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी लोणंदला आला होता, तो आमच्या समाजातलाच. चहा पिता पिता म्हणाला, "गड्या, तुझ्या आईचं दर्शन घिऊन आलो की आमी. लय शांत पडल्यात बघ. तू कवा जाऊन आलास?"

मला काहीच माहीत नव्हते. पण त्याच्यापुढे तसे म्हणायची लाज वाटली. परवाच आलो, असे मी सांगितले आणि तो बोलत गेला त्यावरून सारे समजून घेतले. आमच्यात काही जाणती म्हातारी माणसे शेवट जवळ आला असे वाटले की सगळ्यांची क्षमा मागून हळूहळू आहार सोडत जातात. आधी अन्न, मग दूध-ताक, शेवटी पाणीही. याला सल्लेखना म्हणतात. ते मरण मोठे मानतात, म्हणून लोक दर्शनाला येतात. आईच्या पोटात गाठ झाली होती, मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तिने हे व्रत घेतले होते. आता ती ताकही सोडून नुसत्या पाण्यावर आली होती आणि तेही एक-दोन दिवसांत सोडणार होती. परक्या माणसाला हे ठाऊक, आणि मला नाही.

मी निघालो तेव्हा काकी दारात आल्या. त्या आता विधवा होत्या, थकल्या होत्या. काशी करून येताना त्यांनी गंगेच्या पाण्याच्या तांब्याच्या लोट्या आणल्या होत्या, तोंडाला डाख लावून बंद केलेल्या. त्यातली एक त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि आईच्या मुखात घाल, तेवढे तुझे काम, असे सांगितले. मला जगवणाऱ्या बाईने माझ्या आईसाठी दिलेली ती वस्तू. गाडीत पलटणीची माणसे खच्चून भरली होती. मी दाराशी उभ्याने लोटी पोटाशी धरून आलो, आणि वाटभर दत्तमहाराजांशी सौदा करीत होतो. आईने मला ओळखावे आणि माझ्या हातचा एक घोट घ्यावा. बाकी काही मागत नाही, अगदी तिचे आयुष्यसुद्धा. माझ्या मते मी भावात फार खाली उतरलो होतो आणि एवढ्याला देवाने नाही म्हणण्याचे कारण नव्हते.

मिरजेला उतरून बैलगाडीने घरी पोचलो. अंगणात माणसे बसली होती, एक ब्रह्मचारी हळू आवाजात काही वाचत होते. आण्णा दारात आडवा उभा राहिला. आईने कालपासून पाणीही सोडले आहे, बोलणे बंद आहे, आत येऊन आरडाओरडा करू नकोस, असे तो म्हणाला. मी आरडाओरडाच केला. तू तिला उपाशी मारतो आहेस, आणि मी आडवा येईन म्हणून मला कळवले नाहीस, असे मी अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. आणखीही पुष्कळ बोललो. तो उत्तर देईना. समोरचा माणूस भाव सांगत नाही तेव्हा माझे डोके फिरते, तसे ते फिरले. शेवटी वहिनी पायांवर घालायला पाणी घेऊन आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, आत ऐकू जातंय."

तेवढ्याने मी गप्प झालो. पाय धुऊन, कितीतरी वर्षांनी, पडवी ओलांडून आत गेलो.

आई चटईवर होती. एवढीशी झाली होती. डोळे मिटलेले, श्वास चालू. दुःखात आहे असे तिच्या तोंडावर दिसत नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे. मी मात्र तिच्या ओठांकडेच पाहत होतो. ते सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. माणूस मरताना त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा, हे लोणंदच्या घरात मी पाहिले होते. मालक गेले तेव्हा काकींनी मला नोकर न मानता मुलगा म्हणून बोलावून तो थेंब घालायला लावला होता. त्या माणसाला मी पाणी दिले आणि जन्म देणारीला देऊ नये, हे मला समजत नव्हते. आण्णाला ते दिले तर तिचे सगळे आयुष्य पाण्यात जाईल असे वाटत होते. दोघेही तिच्याच भल्याचे पाहत होतो, आणि म्हणूनच दोघांपैकी कुणी हटणारा नव्हता. आण्णा दुपारभर तिथून उठला नाही. माझ्यावर पहारा होता. माझ्या उपरण्यात काहीतरी गुंडाळलेले आहे हे त्याने पाहिले होते.

पण सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत. दिवस कलला तशी अंगणातली माणसे जेवायला उठली. आण्णा सकाळपासून उपाशी होता. वहिनींनी त्याला हाक मारली, तो उठेना. मग त्या आत आल्या, माझ्याकडे पाहून त्याला म्हणाल्या, की भावजीही आईंचे मुलगेच आहेत, बसू द्या त्यांना घटकाभर. तो माझ्या उपरण्याकडे बघत उठला आणि गेला.

मी आणि आई दोघेच उरलो. मी चाकूने लोटीचा डाख उचकटला, कोनाड्यातली वाटी घेतली. आणि मग जे झाले ते मी ठरवून केलेले नाही. माझा हात खुंटीकडे गेला. तिथे पाणी गाळायचे दुपदरी फडके टांगलेले असते, माझ्या जन्माच्या आधीपासून त्याच खुंटीला. मी ते वाटीवर पसरले आणि लोटीतले गंगेचे पाणी त्यातून गाळले. त्या घरात न गाळलेले पाणी मी कधी प्यालो नव्हतो, कुणाला दिले नव्हते. गंगेचे पाणी आपणच पवित्र, ते काय गाळायचे, असे काकी म्हणाल्या असत्या. पण हात काकींचे नव्हते, आईने वळण लावलेले होते.

पाणी गाळून झाले आणि मी ओले फडके हातात धरून थांबलो. ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात त्यांना जिवाणी म्हणतात. ते टाकून द्यायचे नसतात. फडके उलटे करून त्यावर गाळलेले पाणी ओतायचे आणि ते जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात, त्याच विहिरीत, सावकाश परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात ते मरतात. लहानपणी हे माझे रोजचे काम होते. माझी पावले परसातल्या विहिरीकडे वळली आणि तिथेच अडली.

मागून आवाज आला. "कोन, धाकटा?"

मी वळलो. आईचे डोळे उघडे होते. मी व्हय म्हणालो.

"पानी गाळलंस?"

"गाळलं, आई."

"जिवाणी कुटं सोडशील?"

मी म्हणालो, हिरीत सोडतो.

"हिरीचं हाय व्हय ते?"

तिने ते कसे ओळखले ते मला माहीत नाही. तिला डाख उचकटल्याचा आवाज आला असेल, लोटी दिसली असेल. मी तर्क करीत नाही. तिच्याशी खोटे बोलणे मला जमले नाही. मी म्हणालो, "काशीचं हाय."

ती हसली. ओठ सुकले होते, त्यामुळे हसताना तिला दुखले असेल. म्हणाली, "मग लय लांब जायाला पायजे तुला."

आणि तिने डोळे मिटले. वाटी माझ्या हातात होती. तिने पाणी नको म्हटले नाही. हवे असेही म्हटले नाही. मी तिच्या तोंडाजवळ वाटी नेली असती तर तिने तोंड उघडले असते की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि ते मला समजले नाही याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. मी वाटी खाली ठेवली.

आण्णा दारात येऊन उभा राहिला होता. उघडी लोटी, वाटी, मी. "पाजलंस?" तो म्हणाला, ओरडला नाही. मी त्याला ओले फडके दाखवले. त्याने फडक्याकडे पाहिले, आईच्या कोरड्या ओठांकडे पाहिले, मग परत फडक्याकडे, आणि उंबऱ्यावर बसला. "आनि जिवाणी?" त्याने विचारले. आईनं बी त्येच इचारलं, मी म्हणालो. तेव्हा तो हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटले. मी त्याला रडताना त्याआधी पाहिले नव्हते.

मग त्याने सांगितले. "तिनंच मला आन घातली हुती, तुला कळवायचं न्हाई म्हनून. म्हनली, त्यो आला की माझा जीव अडकंल. दुसऱ्या कुनी पानी धरलं तर मी तोंड फिरवीन. त्यानं धरलं तर न्हाई म्हनायला जमायचं न्हाई मला."

जन्मभर जिने गिऱ्हाइकाला हाक मारली नाही तिला माझ्यापुढे आपण उतरू अशी भीती होती. एवढी माझी किंमत होती, आणि मी अंगणात उभा राहून आण्णाला खुनी ठरवत होतो. तरीही, लिहितो ते खरे लिहावे म्हणून सांगतो, आण्णावरचा राग त्याच जागी राहिला. तिने आण घातली, त्याने पाळली. पण मी वेळेवर आलो नसतो तर? तिचे व्रत राखायला माझी आई माझ्यापासून लपवायची हा कुठला न्याय?

मी फडके लोटीवर उलटे धरले, वाटीतले पाणी त्यावरून हळू ओतले आणि सगळे पाणी जिवाणीसकट लोटीत परत भरले. काही थेंब जमिनीवर सांडले तेवढेच. लोटी घरात राहिली असती तर माझा हात पुन्हा गेला असता, हे मला माझ्यापुरते पक्के ठाऊक होते. मी नदीवर जाऊन येतो म्हणालो. "तवर थांबंल का ती?" मी विचारले. आण्णा म्हणाला, "मला काय ठावं? मी बसतो हितं. तू जा."

कृष्णा आमच्या घरापासून दूर नाही, पण त्या वाटेवर प्रत्येक पावलाला परत फिरावे असे वाटत होते. आई माझ्यामागे गेली तर आलो तो कशासाठी? आणि लोटी नदीत ओतली तरी काशीचे जीव कृष्णेत मरायचेच. ज्या माणसाने भावाला खुनी ठरवले, त्यानेच आता जीव मारायचे आणि आईलाही फसवायचे. घाटाच्या पायरीवर मी लोटी धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदाच दत्तमहाराजांना काही मागितले नाही. मला सुचत नाही, तुम्ही काय ते करा, एवढे म्हणालो. माझ्या धंद्यात असे बोलणाऱ्या माणसाला कुणीही लुबाडतो.

खालच्या पायरीवर एक म्हातारी लुगडे पिळत होती. कर्नाटकातले यात्रेकरू होते, नरसोबाची वाडी करून आलेले. वर रस्त्यावर त्यांच्या गाड्या जुंपून तयार होत्या. म्हातारीच्या गळ्यात लिंग होते. तिने माझ्या हातातली लोटी पाहिली. असल्या लोट्या जिथून येतात ते ठिकाण कुणालाही कळते. "काशी?" ती म्हणाली. धंद्यापुरती कानडी मला येते. मी म्हणालो, काशीचे पाणी आहे, ते परत काशीला गेले पाहिजे. का, कशासाठी, असे तिने काहीच विचारले नाही. ओले हात पदराला पुसून पुढे केले आणि म्हणाली, "कोडप्पा." दे बाबा.

ती मंडळी मिरजेला गाडी धरून काशीलाच चालली होती.

मी लोटी दिली. तिने ती कपाळाला लावली, पदराच्या टोकात बांधली आणि पायऱ्या चढून गेली. नाव, गाव विचारावे म्हणून मी मागे धावलो तोवर गाड्या हलल्या होत्या आणि पदर घेतलेल्या साऱ्या म्हाताऱ्या मला सारख्याच दिसल्या. मी आयुष्यात कुणाला पावतीशिवाय माल दिलेला नाही. त्या दिवशी दिला, आणि रिकाम्या हातांनी घरी पळत आलो.

आई अजून होती. मी तिच्या उशाशी बसलो, तिच्या घोंगडीखाली हात घातला आणि तिचा हात धरला. आमच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, कुणाला दिसू नये म्हणून. सवयीने मी तिच्या बोटांत भाव शोधला. काही नव्हते. नुसता आईचा हात होता. आण्णा णमोकार, आमचा मंत्र, म्हणू लागला, आणि माझ्याही तोंडून तो निघाला, मध्ये इतकी वर्षे गेलीच नसल्यासारखा. तो संपे आणि पुन्हा सुरू होई, आणि मधल्या श्वासात माझ्या मनात दत्ताचे नाव येई. दोन्ही नावांनी एकमेकांना धक्का दिला नाही. दिवेलागणीला तिचा श्वास थांबला. ओठ कोरडे होते. तिचे व्रत पुरे झाले होते आणि तिने मला ओळखले होते.

आम्ही दोघांनी मिळून तिला नेले. लोणंदला परत आल्यावर काकींना सारे खरे सांगितले, कारण त्यांची वस्तू होती. गंगेची गंगेला गेली, असे म्हणून त्यांनी हात जोडले. आण्णा आता कामाला म्हणून लोणंदला येतो, माझ्याकडे उतरतो. एकदा मी त्याला विचारले, की आण मोडून मला कळवले असतेस तर काय बिघडले असते? त्याने मला परतीच्या गाडीची वेळ विचारली. त्यालाही ते ठाऊक नसावे.

मला त्या दिवशी कळले ते एवढेच. जे आपल्या हाताने द्यायचे म्हणून आपण हट्ट धरतो, ते कधी कधी दुसऱ्याच्या हातात सोपवावे लागते, आणि सोपवल्यावर तो हात कुणाचा, हे विचारायची सोय राहत नाही. ज्या देवाला मी माझा म्हणतो त्याने आईला माझ्यापासून नव्हे, माझ्या हट्टापासून वाचवले, आणि ते करताना तिच्या देवाचा मान राखला. याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो. पण शरण गेलो म्हणून मी बदललो नाही. पौर्णिमेला औदुंबरला पादुकांसमोर उभा राहतो, डोके टेकवतो, उठतो, आणि दरवेळी तेच विचारतो. महाराज, ती म्हातारी काशीला पोचली का? लोटी गंगेत उघडली का? ते जीव माझ्या आईच्या नावाने मी तुमच्या भरवशावर सोडले आहेत. ते जगले की मेले, याचे उत्तर मला दुसऱ्या कुणाकडून नको. तुम्ही द्या.